'नाही' कोण म्हणालं?

आमच्याकडे धुणंभांडी करायला येणाऱ्या मावशी तशा अबोल. काम आटपायचं, चहा घ्यायचा आणि पुढच्या घरी जायचं, हा त्यांचा शिरस्ता. पण त्या दिवशी भांड्यांची आदळआपट जरा जास्तच चालली होती. 'काय झालं हो मावशी?' म्हणून विचारलं, तर साबणाचा हात तसाच कपाळाला लावून म्हणाल्या, 'वहिनी, आमच्या सुनेला अंगणवाडीतनं मोकळ्या हाताने धाडलं. खाऊची पाकिटं दिली नाहीत. म्हणे, तोंड जुळत नाही. आता तुम्हीच सांगा, तोंड तेच, पोरगं तेच, घर तेच. मग जुळत नाही म्हणजे काय?'

सून जेमतेम बावीस वर्षांची. पोर सात महिन्यांचं. बाळ सहा महिन्यांचं झालं की त्याला वरचं अन्न सुरू करायचं आणि तेव्हापासून तीन वर्षांचं होईपर्यंत त्याच्या नावाने अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार मिळतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्याच्या चवीबद्दल तक्रारी असतात, मान्य. पण ज्या घरात शिजलेलं आधी कामावर जाणाऱ्यांच्या डब्यात जातं, तिथे बाळाच्या नावाने घरात येणारं तेवढंच असतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळची कामं उरकून मी तिच्याबरोबर गेले.

सेविकाताई ओळखीच्या. 'बघा ताई तुम्हीच,' म्हणत त्यांनी मोबाइल पुढे केला. आधी आधार क्रमांक टाकायचा. मग आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपीचा आकडा येतो, तो सांगायचा. तो मोबाइल नवऱ्याचा, नवरा ट्रकवर क्लीनर, आणि ट्रक कुठेतरी सोलापूरच्या पुढे! दोनदा फोन लागलाच नाही. तिसऱ्यांदा लागला, तर आकडा सांगेपर्यंत त्याची मुदत संपली. चौथ्यांदा जमलं. मग चेहरा. पदर मागे घे, सरळ बघ, डोळ्यांची उघडझाप कर... पोरगं कडेवर, ते मोबाइल ओढायला बघतंय. खोलीला एकच खिडकी. 'जुळत नाही.' आम्ही बाहेर ओट्यावर आलो. उन्हाने तिचे डोळे बारीक झाले. पुन्हा 'जुळत नाही'. तिच्या आधार कार्डावरचा फोटो पाहिला तर तो आठवीतला, दोन वेण्यांचा! त्यानंतर लग्न झालं, बाळंतपण झालं, रक्त कमी होऊन गालांची हाडं वर आली. फोटोतली मुलगी आणि समोरची बाई एकच आहे, हे मला माहीत होतं म्हणून मला दिसत होतं.

मी काही बोलायच्या आत सेविकाताईच म्हणाल्या, 'ताई, मी काय हिला ओळखत नाही? हिच्या लग्नात अक्षता टाकल्यात मी. गरोदरपणाची नोंद मी केली, पोराचं वजन मी करते. पण मी ओळखून काय उपयोग?' आणि मोबाइलवर बोट आपटत म्हणाल्या, 'याने ओळखायला पाहिजे.'

हे वाक्य माझ्या डोक्यातून काही केल्या जाईना. या गावातली बाई त्याच गावातल्या बाईला ओळखते, पण त्या ओळखीला आता किंमत उरली नाही, असंच ना?

यंत्र ओळखतं म्हणजे काय करतं?

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १ जुलै २०२५ पासून घरी नेण्याच्या आहारासाठी चेहरा ओळखण्याची ही पद्धत देशभर सक्तीची केली. हेतू वाईट नाही. खोटी नावं लावून पोषण आहार परस्पर उचलला जातो, पाकिटं जनावरांच्या आंबोणात जातात, हे आपणही ऐकलेलं आहे. खऱ्या आईच्या हातातच आहार पडावा, ही अपेक्षा रास्तच आहे.

चेहरा ओळखण्यामागचं तंत्र हे कृत्रिम बुद्धिमत्तेचं, म्हणजे आजकाल ज्याला सगळे 'एआय' म्हणतात त्याचं. हा शब्द ऐकला की आपल्याला वाटतं, हे काहीतरी मोठ्या शहरातल्या कंपन्यांचं प्रकरण. प्रत्यक्षात ते आपल्या गल्लीतल्या अंगणवाडीत येऊन पोचलंय. साध्या भाषेत सांगायचं तर असं, की संगणकाला लाखो चेहरे दाखवून शिकवलेलं असतं. प्रत्येक चेहऱ्याची तो आकड्यांची एक यादी बनवतो. जुन्या फोटोची यादी आणि आत्ताच्या फोटोची यादी शेजारी ठेवून त्या किती जवळ आहेत ते बघतो. ठरलेल्या रेषेच्या वर गेलं तर 'हो', खाली राहिलं तर 'नाही'.

यातली मेख नीट लक्षात घ्या. 'ही तीच बाई आहे' असं यंत्र कधीच सांगत नाही. 'इतकी इतकी जुळते' एवढंच सांगतं. कितीला हो म्हणायचं, ती रेषा कुणीतरी माणसानेच आखून ठेवलेली असते. कुठे, कधी, कोणत्या विचाराने, हे आपल्याला कुणी सांगत नाही. आपल्यापर्यंत पोचतं ते फक्त 'नाही'.

शिवाय यंत्राला जे दाखवलं तेच ते शिकतं. अमेरिकेत जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू या दोन संशोधक बायकांनी २०१८ मध्ये तीन कंपन्यांच्या संगणक प्रणाली तपासल्या. चेहऱ्यावरून बाई की पुरुष, एवढंच त्या प्रणालींनी सांगायचं होतं. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के. आणि काळ्या-सावळ्या बायकांच्या बाबतीत? ३४.७ टक्क्यांपर्यंत! अशा प्रणाली ज्या फोटोंवर शिकवल्या आणि तपासल्या जातात, त्यांत गोरे चेहरे आणि पुरुषच जास्त असतात, हे या संशोधनाने पुढे आणलं. आपल्या अंगणवाडीतली प्रणाली तीच आहे असं मी म्हणत नाही. पण 'यंत्र काही चुकत नाही, यंत्राला काही भेदभाव नसतो' असं कुणी ठासून सांगितलं, की हे आकडे जरूर आठवा.

माझ्या सासूबाईंचा अनुभव

नाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई सगळ्या नव्याला नावं ठेवणारी दिसते! माझ्या सासूबाईंना सासऱ्यांच्या माघारी कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी रिक्षा करून त्यांना न्यायचं, रांगेत बसवायचं. बोटांचे ठसे घ्यायचं यंत्र आलं, तर आयुष्यभर भाकऱ्या थापून आणि राखेने भांडी घासून गुळगुळीत झालेल्या बोटांचे ठसे उमटेनात. नोव्हेंबर २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय झाली, आणि आता त्या देवघरासमोरच्या पाटावर बसून दाखला देतात. मोबाइलला नमस्कारही करतात!

शेतकऱ्यांसाठीही २०२३ मध्ये पीएम-किसानच्या हप्त्याची माहिती देणारी 'किसान ई-मित्र' नावाची प्रश्नोत्तरांची सोय आली. आपल्या भाषेत विचारायचं आणि आपल्या भाषेत उत्तर मिळवायचं. ज्या बाईला कचेरीच्या पायरीवर बोलायची भीती वाटते, तिला मोबाइलला विचारताना संकोच वाटत नाही. हा फायदा छोटा नाही.

पण सासूबाईंचा चेहरा एखादवेळी जुळला नाही तर काय होईल? मी आहे, मुलगा आहे, बँकेत ओळखीचे आहेत, रिक्षाला पैसे आहेत. मावशींच्या सुनेला यातलं काय आहे? तेच यंत्र आमच्या घरात सोय ठरलं आणि मावशींच्या घरात अडसर. यंत्राने 'नाही' म्हटल्यावर मागचा दुसरा दरवाजा कुणाला उघडा असतो, यावर सगळं अवलंबून आहे.

सुक्याबरोबर ओलंही

चेहरा ओळखणं हा झाला एक प्रकार. दुसरा प्रकार आपल्या डोळ्यांसमोर घडतही नाही. सरकारच्या वेगवेगळ्या खात्यांची माहिती एकत्र करायची, म्हणजे वाहनांची नोंद, जमिनीची नोंद, वीजबिल, नोकरी वगैरे. आणि 'हे कुटुंब गरीब वाटत नाही' असा निष्कर्ष संगणकाने काढायचा.

आपल्या नांदेड, यवतमाळला लागून असलेल्या तेलंगणात हे झालंय. तिथे 'समग्र वेदिका' नावाची प्रणाली आहे. वेगवेगळ्या खात्यांतल्या नोंदींमधली नावं, पत्ते ती जुळवते आणि ही सगळी एकाच माणसाची माहिती आहे असं ठरवते. २०१४ ते २०१९ या काळात त्या राज्यात १८ लाख ६० हजारांहून जास्त शिधापत्रिका नोटीस न देता रद्द झाल्या. पत्रिका रद्द करताना या प्रणालीचा आधार घेतला गेल्याचं पुढे उघड झालं. हैदराबादेत रिक्षा चालवून पोट भरणारा एक माणूस संगणकाच्या लेखी चारचाकी गाडीचा मालक निघाला. कारण काय, तर नावात साम्य असलेल्या दुसऱ्या कुणाची तरी गाडी! त्याच्या बायकोला हे कारण कळायला वर्षं लागली, आणि तेही कोर्टाची पायरी चढल्यावर.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने, रद्द झालेल्या पत्रिकांची प्रत्यक्ष घरी जाऊन पडताळणी करा, असा आदेश दिला. ४ लाख ९१ हजार ८९९ अर्ज आले. त्यांपैकी जुलै २०२२ पर्यंत तपासून झालेल्या २ लाख ५ हजार ७३४ अर्जांत १५,४७१ कुटुंबं पात्र निघाली. म्हणजे दर १०० मागे सात-आठ. कागदावर हा आकडा लहान दिसतो. पण त्या सात-आठ घरांत चूल मांडणाऱ्या बाईच्या दृष्टीने १०० पैकी १०० टक्के चूक झालेली असते.

हरयाणात 'परिवार पहचान पत्र' या कुटुंबांच्या नोंदीत चक्क जिवंत म्हाताऱ्यांना मृत दाखवून त्यांचं पेन्शन बंद झालं. सप्टेंबर २०२२ मध्ये रोहतकला १०२ वर्षांच्या एका आजोबांनी रथात बसून, बँडबाजा लावून स्वतःची वरात काढली. मी जिवंत आहे हे सरकारला दाखवायला! वाचून हसू येतं. पण १०२ व्या वर्षी ज्याला वरात काढावी लागते, त्याच्या मागे गावात वरात काढण्याइतकी माणसं तरी होती. ज्या विधवा बाईमागे कुणी नाही, तिने काय काढायचं?

हे फक्त आपल्याकडेच होतं, असंही समजू नका. नेदरलँड्ससारख्या श्रीमंत देशात मुलांच्या पाळणाघराच्या खर्चासाठी सरकार पालकांना मदत देतं. यात फसवणूक कोण करत असेल, हे हुडकायला तिथल्या कर खात्याने संगणकाची मदत घेतली. कुणाचं नागरिकत्व काय आहे, हेही तो धोका मोजताना धरत होता. संशय आलेल्या कुटुंबांना, कुठे एखादी सही राहिली, कुठे किरकोळ रक्कम चुकली एवढ्यावरून, सगळे पैसे परत करा अशा नोटिसा गेल्या. सुमारे २६ हजार पालकांवर फसवणुकीचा खोटा ठपका आला. कर्ज झालं, घरं गेली, संसार मोडले. हजाराहून जास्त मुलं आईबापांपासून काढून सरकारी देखरेखीखाली ठेवली गेली. अखेर १५ जानेवारी २०२१ रोजी तिथल्या सगळ्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

तिथल्या आयांनीही आधी फोन केले असतील, पत्रं लिहिली असतील. समोरच्या टेबलावरच्या माणसाने त्यांना काय सांगितलं असेल, याची कल्पना मला आता करता येते. 'बाई, माझ्या हातात काही नाही.'

मीही तेच म्हणाले होते

हे वाक्य मला इतकं ओळखीचं का वाटलं, ते सांगते. कारण ते मीच म्हटलं होतं.

आमच्या मंडळातर्फे आम्ही बायकांचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायला बसतो. एका योजनेच्या ई-केवायसीच्या वेळी अशीच गर्दी होती. एक विधवा बाई आली. साठीच्या आतबाहेरची. संगणक नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागत होता. दोघंही देवाघरी गेलेले. मी दोनदा प्रयत्न केला. मागे पंधरा-वीस बायका उभ्या. मी म्हटलं, 'मावशी, हा पुढे जातच नाही, मी काय करणार? नंतर या.' त्या काही बोलल्या नाहीत. पिशवीत कागद घातले आणि निघून गेल्या.

खरं सांगते, त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं होतं. 'नाही' मी म्हटलंच नव्हतं, संगणकाने म्हटलं होतं. माझ्यावर दोष नाही! मावशींच्या सुनेबरोबर अंगणवाडीच्या ओट्यावर उभी राहीपर्यंत मला त्या बाईची आठवणसुद्धा झाली नव्हती.

आपल्या राज्यातल्या लाडक्या बहिणींना हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर आला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली आणि पती किंवा वडिलांचा आधार मागितला गेला. विधवा, घटस्फोटित, निराधार बायकांनी करायचं काय, असा ओरडा झाल्यावर मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली गेली आणि मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाची कागदपत्रं अंगणवाडी सेविकेकडे द्यायची मुभा मिळाली. त्याआधी, जुलै २०२५ मध्ये, वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी ताडून पाहिल्यावर २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र असताना लाभ घेत असल्याचं आढळलं, असं महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनी जाहीर केलं होतं. त्यात १४ हजारांहून जास्त पुरुषही निघाले! अशा पुरुषांना वगळलं तर कुणाला वाईट वाटायचं कारण नाही.

नोंदीला नोंद ताडून पाहणं आणि एआय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे खरं. जाणकार मंडळी मला तसं सांगतीलही. पण महिनाअखेरीला बँकेत जाऊन हप्ता न आल्याचं कळणाऱ्या बाईला त्या फरकाने काय मिळणार? तिच्यापुढे दोन्हीकडे तीच भिंत आहे. कुणीतरी, कुठेतरी, काहीतरी तपासलं आणि तिचं नाव गेलं. का गेलं ते लिहिलेलं नाही. कुणाला विचारायचं तेही नाही.

पूर्वी सगळं छान होतं, असं म्हणायचा माझा मुळीच इरादा नाही. चिरीमिरी दिल्याशिवाय न हलणारा कागद आपण सगळ्यांनी पाहिलाय. नातं, जात, गट बघून यादीत नाव घालणारे आणि काढणारेही पाहिलेत. यंत्र चहापाणी मागत नाही. पण त्या कारकुनाचं नाव आपल्याला माहीत असायचं. त्याच्या टेबलासमोर दिवसभर बसता यायचं, साहेबाकडे तक्रार करता यायची, अगदीच झालं तर मोर्चा नेता यायचा. आता मोर्चा न्यायचा कुणावर? सेविका म्हणते पर्यवेक्षिकेला विचारा, त्या म्हणतात तालुक्याला विचारा, तालुका म्हणतो सॉफ्टवेअर वरून येतं. २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले होते, ते याच वैतागातून. जुने, सारखे बंद पडणारे फोन आणि इंग्रजीतलं ॲप. लोकांचे बोल मात्र त्यांनी खायचे. आजही ओट्यावर शिव्या खाणारी तीच असते. ती आणि मावशींची सून, दोघी एकाच मोबाइलच्या दोन बाजूंना अडकल्या आहेत.

आपण काय करू शकतो?

पहिली गोष्ट, तोंडी 'नाही' घेऊन घरी परतायचं नाही. नाव का वगळलं, आहार का दिला नाही, याचं कारण आणि तारीख कागदावर मागायची. महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्काचा कायदा आहे. त्याखाली येणाऱ्या सेवेचा अर्ज नाकारला तर लेखी कारण द्यावं लागतं आणि त्यावर अपील करता येतं. २००५ चा माहितीचा अधिकार तर आहेच. दहा रुपयांच्या अर्जावर 'कोणत्या नोंदीवरून माझं नाव कमी झालं?' हा एकच प्रश्न विचारायचा. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही दहा रुपये लागत नाहीत.

दुसरी गोष्ट, अंगणवाडीतला आहार ही कुणाची मेहेरबानी नाही. गरोदर आणि स्तनदा मातांना, लहान मुलांना तो २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने मिळालेला हक्क आहे. तक्रारीसाठी याच कायद्यात जिल्हा पातळीवर तक्रार निवारण अधिकारी आणि त्यावर राज्य अन्न आयोग आहे. शिवाय २६ सप्टेंबर २०१८ च्या आधारविषयीच्या निकालात, आधार क्रमांक देता आला नाही म्हणून कोणत्याही मुलाला योजनेचा लाभ नाकारू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे. कार्डच नसलेल्या मुलाबद्दल न्यायालयाची ही भूमिका असेल, तर ज्याच्या आईकडे कार्ड आहे आणि केवळ जुना फोटो जुळत नाही, त्या मुलाला पाकीट नाकारायचं कशाच्या आधारावर?

तिसरी गोष्ट घरातली. आधारला मोबाइल क्रमांक नवऱ्याचा, दिराचा, नाहीतर कुणा शेजाऱ्याचा जोडलेला असतो. तो आपला स्वतःचा जोडून घ्या. शाळेतला फोटो असेल तर आधार केंद्रात जाऊन नवा काढा. आणि कुणी अनोळखी माणसाने फोनवर ओटीपी विचारला, तर अजिबात सांगू नका. या गोंधळाचा फायदा घेणारे भामटे टपूनच बसलेत.

पण सगळा भार बायकांवरच टाकून कसं चालेल? मागणी सरकारकडेही करायला हवी. नाव कमी करण्याआधी नोटीस द्या. पडताळणी होईपर्यंत लाभ थांबवू नका. तेलंगणात शेवटी उपाय काय निघाला, तर माणसाने घरी जाऊन बघणं! मग तेच आधी का नको? वगळलेल्या नावांची यादी ग्रामसभेत, वॉर्डात वाचून दाखवा. अपात्र माणूस सगळ्यांसमोर गप्प बसेल, पात्र असलेली बाई किंवा तिची शेजारीण उठून उभी राहील. आणि मोबाइल 'नाही' म्हणाला तरी 'मी हिला ओळखते' असं लिहून, सही करून आहार देण्याचा अधिकार सेविकेला हवा. सही केली की जबाबदारी तिच्यावर येईल, हे मला कळतं. पण निदान त्या कागदावर एका माणसाचं नाव असेल.

मावशींच्या नातवाला त्या महिन्याची पाकिटं मिळाली ती अकरा दिवसांनी. आधी नवा फोटो काढला, मग सकाळी दहाच्या उजेडात, पोराला माझ्या कडेवर देऊन, तिसऱ्या खेपेला चेहरा जुळला. सासूसुनेचे मिळून अडीच दिवसांचे खाडे झाले.

ती विधवा बाई कुठे राहते, हे मात्र मला शोधावं लागलं. मंडळातल्या कुणालाच नाव आठवेना, कारण ज्यांचा अर्ज पुढे गेला त्यांचीच आम्ही नोंद ठेवली होती. दोन दिवस विचारत फिरल्यावर घर सापडलं. 'तुम्हीच नाही म्हणालात ना बाई, मग मी परत कशाला आले असते?' एवढंच त्या म्हणाल्या. मृत्यूचा दाखला घेऊन आम्ही दोघी सेविकाताईंकडे जाऊन आलो.

आता मंडळाच्या टेबलावर एक शंभरपानी वही ठेवली आहे. ज्यांना संगणक 'नाही' म्हणतो, त्यांचं नाव, तारीख आणि काय अडलं ते त्यात लिहायचं. शेवटच्या रकान्यात, हे कुणी कळवलं आणि कुणाला कळवलं, त्यांची नावं. सेविकाताईंनीही तशीच एक वही घातली आहे. पहिल्या महिन्यात दोन्ही वह्या मिळून नऊ नावं झाली. ती घेऊन येत्या सोमवारी आम्ही तालुक्याला जाणार आहोत. मावशींनी त्या दिवसाची सुट्टी आत्ताच मागून ठेवली आहे.